डॅलियन्स

१. डॅलियन्स : रेंगाळत, मजेत केलेले प्रेमचाळे. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत याचा अर्थ मुख्यतः गप्पागोष्टी असा होता. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला फ्रायर (भिक्षू) त्यात पटाईत आहे, आणि त्याच्या गोडबोलेपणातच पुढच्या अर्थाची चाहूल लागते. ‘हॅम्लेट’मध्ये (अंक १, प्रवेश ३) ऑफेलिया हा शब्द उपदेश करणाऱ्या भावालाच ऐकवते : मला संयम शिकवून स्वतः चैनीत रमू नकोस. इथे तो विलासाकडे झुकलेला आहे. ‘प्रेमप्रकरण’ हा प्रतिशब्द त्याला जड होतो. ‘छेडछाड’ तर साफ चुकीचा. तिच्यात जबरदस्ती येते, डॅलियन्समध्ये सहसा दोघांचीही खुशी असते. हल्ली इंग्रजी वृत्तपत्रे पुढाऱ्याने दुसऱ्या पक्षाशी केलेल्या चार दिवसांच्या सलगीलाही हाच शब्द लावतात.