टेकू आणि भाडेपावती

आमच्या चाळीत जिन्याजवळ दोन लाकडी टेकू उभे होते. आम्ही मुलं त्यांच्या आडोशानं लपंडाव खेळायचो. मोठी माणसं म्हणत, ते तात्पुरते आहेत. माझी शाळा संपली, तरी ते तिथेच होते.

दर महिन्याला मालकाचा मेहता भाडं न्यायला यायचा. पावती घेताना अब्बा त्याला मोरीवरची भेग दाखवायचे. मेहता म्हणायचा, "भाईसाब, एवढ्या भाड्यात चुनासुद्धा येत नाही." अब्बा विचारायचे, "घर तुमचं, मग दुरुस्ती कुणाची?" दोघांचंही खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

श्रोतेहो, हे भांडण एका चाळीचं नव्हतं. ते साऱ्या जुन्या मुंबईचं होतं. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारनं घरभाड्यांवर पहिलं बंधन घातलं. दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर शहरात माणसांची रीघ लागली. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, तेच साधारणपणे 'प्रमाण भाडं' ठरलं. कामगार, कारकून, फेरीवाला या शहरात टिकला तो या कायद्याच्या आधारानं. त्याचे उपकार विसरून चालणार नाही.

पण भाडं थांबलं, तरी चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी कुठे थांबली? कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच होती. त्यानं टाळाटाळ केली, तर नोटीस देऊन भाडेकरूनं काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय होती. मात्र या वळतीची मर्यादा त्याच गोठलेल्या भाड्याला बांधलेली. अब्बांनी ती सोय वापरली असती, तरी भेग बुजली नसती.

डागडुजी आणि मोठं काम यांत फार अंतर नसतं. आपल्या जुन्या इमारती विटांच्या भिंती आणि सागवानी कडीपाटाच्या. मोरीचं किंवा सामाईक संडासाचं पाणी भिंतीत मुरतं आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक आतून कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. वेळेवर नळ बदलला, तर काम थोडक्यात आटोपतं. तो बदलला नाही, की तुळई बदलावी लागते. तीही टाळली, की इमारतच पाडावी लागते. टाळलेल्या दुरुस्तीचे पैसे वाचत नाहीत, ते व्याजासकट साचतात.

इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसला. त्या काळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, १९५० पर्यंतच्या 'ब' मध्ये आणि त्यानंतरच्या 'क' मध्ये. उपकर महापालिकेनं गोळा करायचा, काम मंडळानं करायचं. मंडळानं कुजक्या तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर घातले, कित्येक इमारती सावरल्या. पण खर्चाला मर्यादा होती, आणि तिच्यापलीकडे गेलेल्या इमारतीतल्या माणसांना संक्रमण शिबिराची वाट धरावी लागे. तिथे काही कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या.

१९९१ च्या विकास नियमावलीनं बिल्डरला जादा चटईक्षेत्र देऊ केलं. म्हणजे दुरुस्तीचा पैसा आता भाड्यातून नव्हे, वरच्या मजल्यांच्या विक्रीतून यायचा. जिथे जमिनीला भाव, तिथे बिल्डर आला. अडचणीच्या गल्लीत टेकूच राहिले.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं दरसाल ४ टक्के वाढ दिली. पन्नास रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये. मेहताच्या म्हणण्यात त्यानं किती फरक पडणार?

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधीच ठरलं होतं. बरीच कुटुंबं हलली होती, काही मागे राहिली होती. अशा वेळी लोक विचारतात, "ही माणसं गेली का नाहीत?" जायचं कुठे, रोजगारापासून किती लांब, आणि परतीची खोली लेखी मिळणार का, याची उत्तरं ज्याच्या हातात नाहीत, तो भेगेखालीच अंथरूण घालतो.

भाडेकरूला संरक्षण हवंच. पण संरक्षण म्हणजे नुसतं भाडं न वाढणं नव्हे, डोक्यावरचं छप्पर सांभाळणंही त्यातच आलं. भाड्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठीच वेगळा ठेवला असता, गरिबाच्या वाट्यात सरकारनं भर घातली असती आणि त्याचा हिशेब मालक व भाडेकरू दोघांसमोर राहिला असता, तर कदाचित निम्मं भांडण मिटलं असतं.

अब्बांच्या पेटीत त्या पावत्या अजून आहेत. प्रत्येकीवर भाड्याची रक्कम आहे, मेहताची सही आहे. भेगेचा उल्लेख एकीवरही नाही.