वस्तुकेंद्री संगणकभाषेचे शिक्षण (छत्रपती संभाजीनगर)

माहिती आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रिया यांची एकत्र बांधणी करून त्यांपासून ‘वस्तू’ हा घटक सिद्ध करणाऱ्या संगणकभाषेस वस्तुकेंद्री भाषा म्हणतात. तिच्यासाठी ‘वस्तुनिष्ठ’ हा प्रतिशब्दही क्वचित आढळतो. परंतु मराठीत तो ‘पूर्वग्रहरहित’ या अर्थी रूढ असल्याने येथे टाळला आहे. अशा भाषेची मूलतत्त्वे मराठवाड्यात, विशेषतः औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे, विद्यार्थ्यांपर्यंत कोणत्या क्रमाने व कोणत्या शब्दांतून पोहोचली, याचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

या विचारसरणीचा उगम नॉर्वेत झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणक केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगोर यांनी सिम्युला-६७ ही भाषा रचली. प्रत्यक्षातील व्यवहारांची संगणकावर प्रतिकृती उभारणे हा तिचा हेतू होता. वर्ग, वस्तू व उपवर्ग या कल्पना तीतूनच आल्या. १९७० नंतर कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा विकसित केली. लहान मुलांनाही संगणक हाताळता यावा, अशी त्यामागील दृष्टी होती. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी सी या वेगवान भाषेस सिम्युलातील वर्गांची जोड देण्यास आरंभ केला. तीतून सी प्लस प्लस ही भाषा निर्माण झाली (नामकरण १९८३). भारतातील महाविद्यालयांत वस्तुकेंद्री विचार मुख्यतः या तिसऱ्या वाटेने आला, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मूलतत्त्वे फार थोडी आहेत व ती शहराच्या परिसरातील उदाहरणांनीही स्पष्ट करता येतात. वेरूळच्या ३४ लेण्यांचा विचार केल्यास ‘लेणे’ हा वर्ग होय. क्रमांक, काळ, स्तंभांची संख्या हे त्याचे गुणधर्म होत. दहाव्या क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे ही त्या वर्गाची एक वस्तू. ‘चैत्य’ व ‘विहार’ हे उपवर्ग असून लेण्याचे सर्व गुणधर्म त्यांना आपोआप लाभतात. यास वारसा म्हणतात. ‘आपले वर्णन कर’ ही एकच आज्ञा दोहोंना दिली असता चैत्य स्तूपाचे व विहार भिक्षूंच्या खोल्यांचे वर्णन करील, ही बहुरूपता. मलिक अंबरने बांधविलेल्या नहरीचे पाणी हौदात घेणाऱ्या नागरिकास जमिनीखालील मार्ग ठाऊक असण्याची गरज नव्हती. वस्तूची अंतर्गत रचना अशीच झाकून ठेवण्यास संपुटीकरण ही संज्ञा आहे. उपमेस मर्यादा आहेच. लेणी आधी कोरली गेली व अभ्यासकांनी त्यांचे वर्ग नंतर पाडले. सी प्लस प्लसमध्ये वर्ग आधी लिहावा लागतो.

शहरात तंत्रशिक्षणाचा पाया पूर्वीच घातला गेला होता. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाचे अभिकल्प व तंत्रविद्या केंद्रही पुढे येथे उघडले. आज ते नायलिट या नावाने ओळखले जाते. इलेक्ट्रॉनिकी विभाग व कंप्यूटर सोसायटी ऑफ इंडिया यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या डोएक योजनेच्या ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ या पातळ्यांमुळे महाविद्यालयाबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणकशिक्षणाचा एक मान्यताप्राप्त मार्ग मिळाला. आधी सी आणि नंतर सी प्लस प्लस, हा क्रम बहुतेक ठिकाणी स्थिरावला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ व ई. बालगुरुस्वामी यांचे सी प्लस प्लसवरील पुस्तक ही राज्यभर वापरात होती. या क्रमाचा परिणाम असा झाला, की विद्यार्थी वर्ग लिहू लागला, पण विचार मात्र सीच्याच पद्धतीने, एकामागून एक आज्ञा या स्वरूपात, करीत राहिला. त्याच्या दृष्टीने वर्ग म्हणजे जुन्या मजकुरास घातलेली एक नवी महिरप होती.

बारावीच्या संगणकशास्त्र या द्विलक्षी विषयात राज्य मंडळाने सी प्लस प्लसचा समावेश केल्याने ही भाषा कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत उतरली. प्रयोगशाळांतून बोरलँड कंपनीचे टर्बो सी प्लस प्लस (१९९०) हे निळ्या पडद्याचे साधन दीर्घकाळ टिकून राहिले. भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. अर्थात हे साधन त्यापूर्वीचे. त्यावर घोकलेल्या आरंभीच्या ओळी नव्या साधनांवर चालत नाहीत, हे अनेकांना पदवीच्या वर्गात वा नोकरीतच कळले. लेखी परीक्षेत आज्ञावली कागदावर उतरवावयाची असे. कागदावरील आज्ञावली चालत नाही. त्यामुळे तीतील चूक दाखविणारे यंत्रही नसते आणि पाठांतरास मोकळे रान मिळते. वस्तूंची निवड कशी करावी, हा या विषयातील खरा कठीण प्रश्न. तो अशा परीक्षेत क्वचितच विचारला गेला.

माध्यमाचा प्रश्न याहून गंभीर आहे. जालना, बीड वा परभणीच्या खेड्यांतून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या विद्यार्थ्यास विज्ञान शाखेत एकाच वेळी इंग्रजी व संगणकभाषा अशा दोन अपरिचित भाषांना सामोरे जावे लागते. मराठी संज्ञा दिल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ‘वर्ग’ या शब्दाने इयत्ता, सामाजिक थर व संख्येचा वर्ग हे तिन्ही अर्थ सूचित होतात. ‘वारसा’ या संज्ञेमुळे शेतकऱ्याच्या मुलासमोर सातबारावरील वारसनोंद उभी राहते. तेथे मूळ मालक निवर्तल्यावर जमीन पुढे जाते. संगणकभाषेत मात्र मूळ वर्ग कायम असतो व त्याचे काहीही उणे होत नाही. याउलट ‘बहुरूपता’ ही संज्ञा इंग्रजी संज्ञेपेक्षा सरस म्हणावी लागेल. गावोगाव फिरून कधी फौजदाराचे, कधी साधूचे सोंग वठविणारा बहुरूपी ज्यास ठाऊक आहे, त्याला एकाच नावामागील अनेक वर्तने वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. संज्ञा देताना तिची मर्यादाही सांगणारा शिक्षक अशा वर्गास अधिक उपयोगी ठरतो.

१९९५ मध्ये प्रसृत झालेल्या जावा भाषेत प्रत्येक आज्ञा कोणत्या ना कोणत्या वर्गातच लिहावी लागत असे. त्यामुळे वर्ग टाळून पुढे जाण्याची सोय उरली नाही; मात्र पहिल्याच धड्यात अर्थ न कळणाऱ्या चार-पाच शब्दांची एक ओळ पाठ करणे भाग पडले. डोएक योजनेच्या ‘ओ’ पातळीवर पाचव्या सुधारित अभ्यासक्रमाने पायथॉन आणली. या भाषेत संख्या व शब्द यांसह सर्व काही वस्तूच असते, परंतु नवशिक्यास आरंभी स्वतः वर्ग लिहावा लागत नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली व पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू केला. (पहा : संगणक, संगणकभाषा, परिभाषा.)