शिकारीची सुरी

मारलेल्या पशूचे कातडे अखंड व निर्दोष उतरविण्यासाठी वापरावयाचे लहान, एकधारी पात्याचे हत्यार. कट्यार, खंजीर, जंबिया ही खुपसण्याची शस्त्रे असून त्यांत टोकाला महत्त्व असते. सोलण्याच्या सुरीत मात्र टोकापेक्षा पात्याचे बाहेर वळलेले पोट अधिक उपयोगी पडते. शस्त्रास्त्रांच्या इतिहासात या सुरीला फारसे स्थान मिळालेले नाही. शिकारीच्या वर्णनांतही गोळी कोणी झाडली हे आवर्जून सांगितले जाते; कातडे कोणी उतरविले हे क्वचितच. वस्तुतः नेम अचूक लागूनही सुरी चुकली, तर हाती काही राहत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांचा परिसर येथे या हत्याराचा माग पाषाणयुगापासून विसाव्या शतकातील वन्यजीव कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी लावता येतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत गारगोटीच्या जातीचे अकीक, जास्पर, कॅल्सेडोनी इ. खडे विपुल सापडतात. ते फोडले असता धारदार कपच्या निघतात. औरंगाबादच्या नैर्ऋत्येस प्रवरा नदीच्या काठी असलेल्या नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे मध्य पुराणाश्मयुगीन तासण्या मोठ्या प्रमाणात मिळाल्या. कातड्याच्या आतील मांस व चरबी खरवडून काढण्यास अशी हत्यारे सोयीची असतात. त्याच स्थळी ताम्रपाषाणयुगीन थरांत कॅल्सेडोनीची लांबट, समांतर कडांची पाती आढळली. तांबे दुर्मिळ असल्याने धातू माहीत असूनही कापण्याचे रोजचे काम दगडी पात्यांनीच होत असे. नव्याने काढलेल्या दगडी पात्याची धार लोखंडी धारेपेक्षाही तीक्ष्ण असते. परंतु ती ठिसूळ असते व पुन्हा लावता येत नाही. पाते बोथट झाले, की टाकून द्यावयाचे. सुरीची निगा ही कल्पना खऱ्या अर्थाने लोखंडाबरोबर आली.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात मृगयेचे व मांसपाकाचे विस्तृत विवेचन आहे. त्यात रानडुकराचे कातडे न सोलता अंगावर वस्त्र घालून कढत पाणी ओतावे व सुटलेले केस उपटावे, अशी रीत दिली आहे. प्रत्येक शिकारीचे कातडे सोललेच जाई असे नाही, हे यावरून दिसून येते. ज्याचे कातडे खावयाचे त्यास पाणी व आग, ज्याचे कातडे राखावयाचे त्यास सुरी.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगराला पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद हे नाव मिळाले. मोगल दरबाराबरोबर शिकारीचा मोठा सरंजामही दक्षिणेत आला. ऐन-इ-अकबरीतील शस्त्रांच्या यादीत कारद व चाकू ही नावे येतात. कारद म्हणजे सरळ, एकधारी, इराणी घडणीची सुरी. मुसलमान शिकाऱ्याच्या दृष्टीने तिचे पहिले काम सोलण्याचे नसून जखमी पशूचा प्राण जाण्यापूर्वी त्याचा गळा चिरण्याचे होते. त्यावाचून मांस हलाल ठरण्यात अडचण येई. त्यामुळे सुरी कंबरेलाच, हाताशी असावी लागे व तिची धार कधीही उतरून चालत नसे. या सुऱ्यांचे उत्तम पोलाद दूरवरून आणण्याची गरज नव्हती. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे मातीच्या मुशींत लोखंड वितळवून सु. १ ते २ टक्के कार्बन असलेले पोलाद तयार होई व ते घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथे येत. हेन्री व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने या कारखान्यांचे केलेले वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. या पोलादाची धार दीर्घकाळ टिके. मात्र हाडावर आपटल्यास पाते उडण्याचा संभव असे.

निजामांचे पहिले राजधानीचे शहर औरंगाबादच होते; १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली. तरी अजिंठ्याचे रान शिकारीसाठी प्रसिद्ध राहिले. १८१९ मध्ये मद्रास लष्करातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले नाव अजूनही आहे. त्याच्याबरोबर रानात वाट दाखविणाऱ्यांची नावे मात्र कोणी कोरली नाहीत.

हाकाऱ्यांनी रान उठवावे, मचाणावरून सरदाराने किंवा साहेबाने गोळी घालावी आणि सोलण्याचे काम चाकरीतील माणसांनी करावे, अशी शिकारीतील सर्वसाधारण वाटणी होती. याच काळात इंग्लंडमधील शेफील्डच्या सुऱ्या हिंदुस्थानात येऊ लागल्या. साहेबाच्या पट्ट्याला ती सुरी प्रतिष्ठेची खूण होती. गावगाड्यात मात्र मेलेली गुरे ओढणे व सोलणे हे काम महारांसारख्या अस्पृश्य मानलेल्या जातींवर लादलेले होते. कातडे कमावणे ढोरांकडे व त्याच्या वस्तू करणे चांभारांकडे असे. चांभाराची रापी ही रुंद, अर्धगोल धारेची. तिने कमावलेले चामडे कापतात. एकाच कौशल्याला रानात बक्षीस व गावात विटाळ, असा हा व्यवहार होता. १९२७ मधील महाड येथील परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस वर्ज्य करण्याचे आवाहन केले आणि पुढील दशकांत अनेक गावांतील महारांनी ढोरे ओढण्याचे व सोलण्याचे काम नाकारले. त्यांनी खाली ठेवलेली ही सुरी उचलण्यास इतर गावकरी सहसा पुढे आले नाहीत, हे लक्षणीय आहे.

शास्त्रीय संग्रहासाठी कातडी उतरविण्याची परंपरा निराळी. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले, ते अजिंठ्याच्या उत्तरेकडील खानदेशापासून. सलीम अली यांनी १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले; औरंगाबाद जिल्हा तेव्हा त्या संस्थानात होता. अशा मोहिमांत दिवसभर गोळा केलेले नमुने तळावर परतताच सोलावे लागत. पक्ष्यासाठी बोटाएवढी सुरी पुरते; पोटावर लहानसा छेद घेऊन त्यातूनच सर्व शरीर बाहेर काढतात आणि कातड्याला आतून सोमलयुक्त साबण लावीत असत.

सुरीची निवड कामावर अवलंबून असते. हरिण किंवा वाघ यांसारख्या पशूंस ८ ते १२ सेंमी. लांबीचे पाते पुरेसे होते. त्याहून लांब पात्यावर ताबा राहत नाही. हनुवटीपासून शेपटीपर्यंत व पायांच्या आतील बाजूने छेद घेताना पाते उलटे, म्हणजे धार वर करून आतून चालवितात. त्यामुळे केस कापले जात नाहीत व पोटातील आतडी फुटत नाहीत. पुढे बरेचसे कातडे मुठीने रेटूनच सुटते. जेथे सुरी लागते तेथे धार नेहमी मांसाकडे ठेवतात, कातड्याकडे नव्हे. ओल्या कातड्यावरील लहानशी चीर कमावताना ताणली जाऊन मोठे भोक पडते. ओठ, पापण्या, कान व पंजे यांसाठी निमुळती लहान सुरी वेगळी ठेवावी लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही तासांतच कातडे कुजू लागून केस सुटतात. म्हणून सोलणे तत्काळ उरकून आतून मीठ चोळतात व कातडे सावलीत वाळवितात.

मीठ आणि रक्त हेच सुरीचे मुख्य शत्रू होत. काम संपताच पाते धुऊन, कोरडे करून तेलाचा हात फिरवावा लागतो. साध्या कार्बनी पोलादाला गंज लवकर चढतो, पण रानातील दगडावरही धार लावता येते. १९१३ मध्ये शेफील्ड येथे तयार झालेले अगंज पोलाद याच्या उलट गुणांचे. सुरी चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. चामड्यातील ओलावा व कमावणीतील आम्लद्रव्ये पात्याला डाग पाडतात. म्यान वाटेत बाळगण्यापुरते असते. धार लावण्याचे काम शिकलगार करीत. वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर कोरडे पाते तापले, तर त्याला दिलेले पाणी उतरते व धार मऊ पडते. यासाठी सुरी सावकाश, निसण्यावर पाणी घालूनच पाजळणे इष्ट.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बहुतेक महत्त्वाच्या पशूंची शिकार बंद केली. उरलेल्यांसाठी परवाने मिळण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. शेतीची नासधूस करणारे जनावर परवानगीने मारले, तरी ते सरकारची मालमत्ता ठरते. कातडी भरण्याचा व्यवसायही परवान्याच्या कक्षेत आला. खुद्द सुरीवर असे बंधन नाही: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील यादीत ९ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे येतात, सोलण्याची सुरी त्याहून बरीच लहान असते. फासेपारध्यांसारख्या शिकारीवर जगणाऱ्या समाजाला या बदलाची झळ सर्वाधिक पोहोचली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने दिलेला शिक्का १९५२ मध्ये कागदोपत्री पुसला गेला होता. वीस वर्षांनी त्यांचा परंपरागत धंदाच गुन्हा ठरला. पर्यायी रोजगाराची सोय मात्र त्या प्रमाणात झाली नाही.

अजिंठ्याच्या डोंगरातील सु. २६० चौ. किमी. क्षेत्र १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित झाले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला एक वाघ २०२१ मध्ये तेथे पोहोचला. आता रानात वाघ मेलेला आढळल्यास पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, आवश्यक ते नमुने घेतात आणि नंतर शव कातड्यासह साक्षीदारांसमोर जाळून टाकतात.