सणाचा टीव्ही पातळ का होतो

‘दिवाळीत टीव्हीवर बघण्यासारखं काही नसतं’ हे वाक्य शिरड शहापूरला आजोळी मी चार जणांच्या तोंडून ऐकलं आणि चौघांचे अर्थ चार निघाले. मामाला म्हणायचं होतं, तेच ते जुने सिनेमे. मामीला, मालिका जागची हलत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मावसभावाचा राग जाहिरातींवर. आजीची तक्रार सगळ्यांत अवघड: “ती माणसं आपल्यातली दिसत न्हाईत.” या चार वेगळ्या दुखण्यांना आपण ‘दर्जा’ हे एकच नाव देतो आणि मग कुठल्याच दुखण्यावर नेमकं बोट ठेवता येत नाही.

आधी सुट्टी कोणती ते ठरवू. सणाच्या टीव्हीचा वाद जगात सर्वांत हौसेनं घालतात ते इंग्रज, नाताळात. आपल्याकडे राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना २५ डिसेंबरची एक दिवसाची सुट्टी मिळते.  शाळा बंद, घर पाहुण्यांनी भरलेलं, हातात फराळाची ताटली आणि समोर टीव्ही, ही अवस्था मराठी घरात दिवाळीत येते. तेव्हा त्यांचा नाताळ आपल्या दिवाळीशेजारी ठेवून पाहायला हवा.

ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरला दुकानं बंद, आगगाड्या बंद आणि दुपारी चारच्या सुमाराला अंधार. माणूस घरात कोंडलेला. राणीचा नाताळचा संदेश १९५७ पासून टीव्हीवर दिसू लागला. १९७७ मधला मॉर्कम आणि वाइज या विनोदी जोडीचा नाताळचा कार्यक्रम तिथल्या लोकांच्या अजून बोलण्यात येतो. १९८६ च्या नाताळात ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेचा भाग सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिला. बीबीसीचा खर्च मुख्यतः घरोघरच्या परवाना शुल्कातून चालतो, देशात तिच्यावर जाहिरात नसते. त्यामुळे आपला सर्वांत चांगला माल ती ऐन सणाच्या दिवशी बाहेर काढू शकते. इतकं असूनही इंग्रज कुरकुरतातच, की नाताळात जुनंच पुन्हा दाखवतात. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पैसा आणि निवांतपणा दोन्ही असूनही तक्रार उरत असेल, तर तिचं एखादं मूळ कार्यक्रमाच्या बाहेरही असणार.

आपली दिवाळी उलट. ती अंगणात, रस्त्यावर, दुसऱ्याच्या घरी. आणि तिचा पैसा दिवाळीच्या आधीच येऊन जातो. जाहिरातीचा हंगाम गणपतीला सुरू होतो आणि धनत्रयोदशीला कळसाला पोचतो: सोनं, गाड्या, रंग, मोबाइल, साड्या. लक्ष्मीपूजन झालं की ज्याला जे विकायचं होतं ते विकून झालेलं असतं. म्हणून नव्या मालिका, पुरस्कारांचे झगमगाट, झी मराठीच्या ‘उत्सव नात्यांचा’सारखे सोहळे हे सगळं दिवाळीच्या अलीकडे उरकून घेण्याकडे कल असतो. भाऊबीजेनंतर पोरं आणखी आठवडाभर घरीच असतात, पण वाहिन्यांची दिवाळी तोवर आवरलेली असते. सुट्टी शाळेच्या कॅलेंडरची आणि टीव्ही दुकानाच्या कॅलेंडरचा, असा हा जुगाड आहे.

मावसभावाची तक्रार यातच निकालात निघते. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरात करता येते, १० मिनिटं दुसऱ्यांची आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. नियम काटेकोर पाळला तरी तासातला पाचवा हिस्सा गेला. रोजचा अर्ध्या तासाचा भाग सणाला तासाभराचा ‘महाएपिसोड’ होतो तो कथेला जास्त जागा हवी म्हणून नव्हे. जाहिरातीला हवी असते. मालिकेतली घटना मात्र तेवढीच राहते. आमटीला पाहुणे वाढले की पाणी वाढतं, तसं.

हे पाणी कसं घालतात ते एकदा जवळून पाहिलं. पाडव्याची संध्याकाळ. ओसरीत सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी, तिच्या शेजारी टेबलावर टीव्ही. पडद्यावर नायिका नवऱ्याला ओवाळायला निघाली. तबक हातात आलं. तबकातल्या निरांजनावर कॅमेरा. सासूचा चेहरा, जावेचा चेहरा, नणंदेचा चेहरा, आणि प्रत्येक चेहऱ्याला ढगांच्या गडगडाटासारखं संगीत. निरांजन विझतंय असं वाटतं तोच जाहिराती. परत आल्यावर मागचा थोडा भाग पुन्हा, कारण मधल्या वेळात कोणी उठून गेलं असेल. निरांजन विझलं नाही. पुन्हा तिन्ही चेहरे. मामी तोवर आत गेली, चकल्यांचा घाणा काढला, बाहेर आली आणि विचारलं, “काय झालं?” मामा म्हणाला, “ओवाळूच लागलीय अजून.” आणि मामी बसली. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

आता इथे एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीमुळे दर्जा खालावतो, असं म्हणावं तर दिवाळी अंकाचं काय? का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार जाहिरातींच्याच आधारावर तगून आहे. तरी लेखक वर्षभरातली चांगली कथा दिवाळी अंकासाठी राखून ठेवतो. मराठी वाचणाऱ्या माणसाच्या मनात ‘सण म्हणजे वर्षातलं उत्तम’ हे समीकरण बसलं ते याच अंकांनी, आणि तीच पट्टी घेऊन तो टीव्हीसमोर बसतो. मग एकाच सणाचा, एकाच जाहिरातदाराचा पैसा अंकात कथेला पोसतो आणि टीव्हीवर तिला पातळ करतो, हे कसं?

फरक जाहिरात बसते कुठे यात आहे. अंकातली जाहिरात पानावर बसते. वाचक ती उलटतो, त्याचा क्षणही जात नाही, आणि शेजारच्या कथेतला एक शब्दही तिच्यासाठी ताणावा लागत नाही. टीव्हीवरची जाहिरात वेळेत बसते. तिच्या अलीकडे प्रेक्षकाला अडकवून ठेवावं लागतं आणि पलीकडे त्याला परत आणावं लागतं. त्या दोन कामांसाठी निरांजन विझत-विझत राहतं. दुसरा फरक, अंक एकट्यानं वाचतात, बहुधा सण ओसरल्यावर, दुपारी आडवं होऊन. सणाचा टीव्ही दहा माणसांत चालतो आणि त्यातली आठ दुसरंच काही करत असतात.

मामीच्या तक्रारीचं मूळ माझ्या मते या दुसऱ्या फरकात जास्त आहे. भरल्या घरात घट्ट विणलेली गोष्ट टिकत नाही. एक वाक्य हुकलं की पुढचं कळत नाही, असं नाटक पाडव्याला लावून पाहा. कोणीतरी दार वाजवणार, कोणीतरी पोराला हाक मारणार, आणि पाच मिनिटांत रिमोट दुसऱ्याच्या हाती जाणार. मालिका लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. न बघताही कळावी अशीच ती लिहिलेली असते. संवादात नातं दर वेळी उच्चारतात, ‘तुझी मोठी जाऊबाई म्हणून सांगते’, कारण स्वयंपाकघरात कान देऊन असलेल्या बाईला चेहरा दिसत नसतो. रेडिओची ही जुनी युक्ती आहे. सणाला टीव्ही पुन्हा रेडिओ होतो म्हणा ना.

आणि मोजमापही याच वागण्याला धरून आहे. २०१५ पासून देशभरचे प्रेक्षक मोजण्याचं काम बार्क करते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, निवडक घरांतलं यंत्र ती ओळखतं, आणि घरातल्या माणसानं आपल्या नावाचं बटण दाबायचं असतं. म्हणजे यंत्राला खोलीत कोणत्या वाहिनीचा आवाज आहे ते कळतं, बटण कोणी दाबलं तेही कळतं. चकली तळणं चालू होतं की डोळे पडद्यावर होते, हे त्याला कळायचा मार्ग नाही. न बघता चालू असलेला टीव्ही आणि टक लावून पाहिलेला टीव्ही त्या हिशेबात सारखाच. त्यात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात. शिरड शहापूरची ओसरी आणि पणजीचा फ्लॅट एकाच आकड्यात ओतले जातात.

पडद्यामागच्या घाईचीही थोडी भर पडते. रोजच्या मालिकेला काही भाग आगाऊ चित्रित करून ठेवावे लागतात, त्याला ‘बँक’ म्हणतात. कॅमेरामनपासून स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांना दिवाळीत घरी जायचं असतं, म्हणून सणाआधी बँक मोठी लागते. प्रेक्षक वर्षात सर्वांत मोकळा असतो तेव्हा त्याला वर्षातलं सर्वांत घाईनं लिहिलेलं पाहायला मिळतं, त्यात दोष कोणाचा धरायचा?

मामाची तक्रार मला मुळात दर्जाची वाटतच नाही. मामाच्या पत्र्यावर फुकट वाहिन्यांची छत्री आहे, डीडी फ्री डिशची. ही सेवा २००४ पासून आहे, तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. पण झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या मोठ्या वाहिन्या तिच्यावर नाहीत. सह्याद्री आहे, आणि गेल्या काही वर्षांत फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारख्या वाहिन्या तिच्यावर दिसत आल्या आहेत. प्रेक्षकाकडून वर्गणी नाही, वर छत्रीवरची जागा लिलावात घ्यायची. अशा वाहिनीला हक्क हाताशी असलेला जुना सिनेमा पुन्हा लावणंच परवडतं. म्हणून १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’, १९९१ चा ‘माहेरची साडी’, १९९३ चा ‘झपाटलेला’. मामा ‘पुन्हा हाच’ म्हणतो आणि उशी पाठीशी घेऊन बसतो. पुढचा संवाद पडद्याच्या आधी तोच म्हणतो. दरवर्षी तोच चिवडा केला म्हणून आपण मामीला दोष देत नाही. त्यात खोबऱ्याचे काप कमी पडले तर देतो. भरल्या घरात अर्धवट बघायला, मधेच उठायला, मधूनच हसायला पाठ झालेल्या सिनेमासारखं दुसरं काही नाही. त्याची वीण घट्ट आहे आणि तरी आपलं काही हुकत नाही. सणाच्या टीव्हीनं जी अडचण पाणी घालून सोडवली, ती या सिनेमानं पाठांतरानं सोडवली आहे.

‘पूर्वीचं दूरदर्शन काय होतं!’ हा सूर इथे हमखास निघतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ तिथले. पण त्या आठवणी मुंबई-पुण्याच्या. मराठवाड्याच्या गावागावांत टीव्ही आला तो बराच नंतर. १९८४ च्या सुमाराला देशभर उभी राहिलेली लहान प्रक्षेपण केंद्रं मुख्यतः दिल्लीचेच कार्यक्रम पुढे पाठवत. माझ्या आजोळची टीव्हीची पहिली आठवण ‘गजरा’ची नाही. ती आहे जानेवारी १९८७ ला सुरू झालेल्या ‘रामायणा’ची, एकाच घरातल्या टीव्हीपुढे दाटीनं बसलेल्या माणसांची, दारातल्या चपलांच्या ढिगाची. इथला माणूस ‘गजरा’च्या नावानं उसासा टाकतो तेव्हा तो उसासा उसना असतो. आणि ‘रामायण’ही तेव्हा त्याच्या तोडीचं दुसरं काही शेजारी नसल्यामुळे एवढं मोठं दिसलं, हे म्हटलं तर राग येऊ नये.

राहिली आजी. तिच्या तक्रारीला मात्र माझ्याकडे असं तोडून टाकणारं उत्तर नाही, कारण ती खरी आहे. मालिकेतली दिवाळी पगारदाराची असते: चार दिवस सुट्टी, नवी साडी, वाड्यासारखं घर, कोपऱ्याकोपऱ्यात समई. शिरड शहापूरच्या शिवारात दिवाळी येते तेव्हा सोयाबीनची मळणी नुकती झालेली किंवा व्हायची असते, कापूस वेचायला बायका शोधत फिरावं लागतं आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते. हळद अजून जमिनीत असते. पाडव्याला मालाचा भाव काय निघतो त्यावर साडी ठरते. मामी मामाला ओवाळते ती दारातल्या चिखलाचे पाय धुऊन. आणि गावातली दिवाळी एकसारखीही नाही. इथलं मल्लिनाथ भगवानांचं दिगंबर जैन मंदिर दूरवर माहीत आहे. जैन घरांत अमावास्येला महावीरांचा निर्वाणदिन असतो, पहाटे निर्वाणलाडू चढवतात. बौद्ध वस्तीतल्या घरांचा मोठा दिवस विजयादशमीलाच होऊन गेलेला असतो. आजीनं पाहिलेल्या मालिकांत यातलं काही नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, उभी पिकं पाण्याखाली गेली. त्या दिवाळीत आमच्या ओसरीवर कट्ट्यांची थप्पी नव्हती, टेबलाशेजारची जागा मोकळी होती. आम्ही पाहिलेल्या भागांत समया तेवढ्याच होत्या.

हा दोष पातळपणाचा म्हणता येत नाही. घट्ट विणलेली मालिकाही दुसऱ्याच्या घरची असू शकते, आणि ‘रामायण’ कितीही संथ असलं तरी आजीला आपलं वाटलं होतं. इथे दर्जा म्हणजे ओळख पटणं. ते तासाभराच्या महाएपिसोडनं होत नाही, जाहिराती कमी केल्यानंही नाही. कोणीतरी ऑक्टोबरात हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या घरात चार दिवस राहून लिहावं लागेल. बार्कच्या हिशेबात त्या चार दिवसांचा खर्च कुठे दाखवायचा, हा प्रश्न वाहिनीवाल्याला पडणार आणि तो त्याच्या जागी बरोबर असणार.

हरभरा पेरून झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला, मी पुन्हा दोन दिवस गेलो होतो. पाहुणे गेलेले, पोरांची शाळा सुरू. रात्री साडेआठला जेवणं उरकली होती. मामी शेजारच्या घरी मालिका बघायला गेली, तिथे पैशाची छत्री आहे. तासाभरानं आली ती तावातावानं, जावेनं कागद कुठे लपवले ते तिला सगळं सांगायचं होतं. एकही वाक्य हुकलं नव्हतं.