वाचनालयाचे अनुदान : कवळाणे ते सुरगाणा

लढाया, तह आणि किल्ले यांवर येथे पुष्कळ लिहून झाले. आजचा थ्रेड एका कोरड्या वाटणाऱ्या शब्दाविषयी आहे : अनुदान. निमित्त आधी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यात, एका पाड्यावर मैत्रिणीच्या घरी मुक्कामास होते. तेथील पाच-सहा तरुणांनी समाजमंदिराच्या एका खोलीत चारशेच्या आसपास पुस्तके जमवली आहेत. स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शके, काही कादंबऱ्या, शहरातील कोणी घर रिकामे करताना दिलेले विश्वकोशाचे सुटे खंड. त्यांतील एकाने विचारले, "ताई, तुम्ही इतिहास शिकता ना? मग सांगा, नाशिकच्या वाचनालयाला सरकार पैसे देतं, आम्हाला का नाही देत?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. हा थ्रेड म्हणजे ते उशिराचे उत्तर आहे.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे 'सावाना', 1840 मध्ये स्थापन झाले. नाशिक जिल्हा अस्तित्वात आला 1869 मध्ये. जिल्ह्यापेक्षा जिल्ह्याचे वाचनालय एकोणतीस वर्षांनी मोठे आहे! मुंबई विद्यापीठही त्याच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. रत्नागिरी (1828), अहमदनगर (1838) आणि पुणे (1848) येथील वाचनालये याच पिढीतील.

ही ग्रंथालये निघाली ती कचेऱ्यांच्या गावी. तेथे इंग्रज अधिकारी होते आणि त्यांच्या हाताखाली नवे शिक्षण घेतलेले कारकून, वकील, शिक्षक होते. त्यांना दरमहा रोख पगार मिळे, म्हणून वर्गणी देणे त्यांना शक्य होते. ज्या गावी रोख पगाराची माणसे नव्हती, तेथे वाचनालयही नव्हते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढील सव्वाशे वर्षांत सरकारने जे काही दिले ते बहुतांशी याच जुन्या नकाशावर दिले.

आता नाशिक जिल्ह्यातीलच, पण दुसऱ्या टोकाच्या गावी जाऊ. मालेगाव तालुक्यातील कवळाणे. येथे 1863 मध्ये जन्मलेला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. बडोद्यास पोहोचला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. याच माणसाने पुढे, 1906 मध्ये, संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

शाळा सुटल्यावर पुस्तक हाती आले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते, हे महाराजांच्या लवकर लक्षात आले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह दिला आणि त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पैशाची रीत. गावाला ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक तृतीयांश गावकऱ्यांनी उभारायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचा आणि उरलेला एक तृतीयांश दरबारने. फुकट काही नाही, पण गाव एकटेही नाही. गावाने आपला वाटा जमवला की उरलेले दोन वाटे मिळणार, हे आधीच ठरलेले असे. अनुदान ही मेहेरबानी न राहता करार झाला.

यात एक खोच आहे. तिसरा हिस्साही ज्या गावाला जमत नाही त्याचे काय? बडोद्याने यासाठी दुसरा मार्ग ठेवला होता : फिरती ग्रंथालये. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव रवाना होत. जेथे इमारत नाही, संस्था नाही, तेथे निदान पेटी पोहोचे. अनुदान आणि पेटी ही दोन अंगे सोबत असल्याने ती योजना टिकली, असे माझे मत आहे. पुढे ब्रिटिश मुंबई इलाख्याने आणि नंतर महाराष्ट्राने यांतील पहिले अंग घेतले. दुसरे मात्र मागे पडले.

मुंबई इलाख्यात हालचाल झाली ती 1939 मध्ये. बाळासाहेब खेरांच्या सरकारने ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते असफ अली असगर फैजी, इस्लामी कायद्याचे मोठे अभ्यासक आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. अहवाल 1940 मध्ये आला, तोवर खेर मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले होते. युद्ध सुरू होते. योजनेला हात लागला तो युद्ध संपल्यावर, तोही अंशतः.

फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरत जाणारी साखळी सुचवली. पैसा तुटपुंजा असल्याने जिल्ह्याला आणि तालुक्याला नवे ग्रंथालय बांधण्याऐवजी तेथे असलेल्या संस्थेलाच मान्यता द्यावी आणि अनुदान द्यावे, हा व्यवहारी मार्ग निवडला गेला. 1840 च्या पिढीतील वाचनालयांना त्यामुळे बळ मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण जेथे मान्यता देण्यासारखे काहीच नव्हते तेथे साखळीची कडी रिकामी राहिली.

स्वतंत्र भारतात मद्रासने 1948 मध्ये ग्रंथालय कायदा केला आणि घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला 1967 मध्ये. त्यात कर नाही. त्याऐवजी शासनाने दरवर्षी किमान 25 लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, अशी तरतूद आहे. 1961 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 3 कोटी 95 लाख होती. भागाकार करून पाहा : माणशी सहा पैसे. अर्थात हा किमान आकडा होता, आणि प्रत्यक्ष खर्च पुढे कितीतरी वाढला. तरीही कायदा करताना मनात धरलेले माप त्यातून कळते.

कर असता तर सुरगाण्याचे भले झाले असते का? मला शंका आहे. कुडाच्या घरावर घरपट्टी ती किती बसणार आणि तीतून पुस्तके ती किती येणार!

1970 च्या नियमांनी 'अ', 'ब', 'क', 'ड' हे वर्ग रूढ केले. आजही परिरक्षण अनुदान याच वर्गवारीने मिळते. संस्था नोंदलेली हवी, ठरावीक ग्रंथ व सभासद हवेत, हिशेबाचे लेखापरीक्षण हवे, आणि खर्चाचा काही हिस्सा वर्गणी-देणग्यांतून स्वतः उभारलेला हवा. साठ टक्के वाढीनंतर 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान 30,000 वरून 48,000 रुपये झाले. महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचे मानधन, नवी पुस्तके, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल.

त्या तरुणांना हे सारे सांगितले तेव्हा पहिला प्रश्न आला तो लेखापरीक्षणाचा. "म्हणजे पैसे मिळण्याआधीच हिशेबनीसाला पैसे द्यायचे?" उत्तर होकारार्थीच होते.

मग अन्य वाटा कोणत्या? केंद्राचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (कोलकाता, 1972) राज्याच्या हिश्शाइतका आपला हिस्सा घालून ग्रंथ, इमारत, साधने यांना मदत करते. तत्त्व तेच बडोद्याचे, पण बहुतेक योजना राज्याच्या ग्रंथालय यंत्रणेमार्फत येतात. शासकीय शाळांना समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे. ती पुस्तके शाळेची. शाळा सोडलेल्या मुलाला ती मिळतील याची हमी नाही.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना आणखी एक दार आहे, आणि त्याचा ग्रंथालयासाठी विचार फार थोडे करतात. 2015 पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळते. खर्च ठरवायचा ग्रामसभेने. शिक्षण आणि पायाभूत सुविधा हे दोन्ही त्यात बसतात. संस्थेची नोंदणी नको, वर्गवारी नको. ग्रामसभेचा ठराव हवा. 1840 च्या नकाशाबाहेरचा, माझ्या माहितीतला हा पहिलाच पैसा.

आणि पेटी? ती नाशिकमध्येच परत आली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते आणि काही काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. खर्च देणगीदारांचा. कवळाण्याच्या गोपाळाला ही रीत ओळखीची वाटली असती.

पाड्यावरच्या मुलांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडला. खोलीच्या गळक्या छपराची दुरुस्ती आणि दोन लोखंडी कपाटे मंजूर झाली. पुस्तकांचा विषय पुढील सभेवर गेला आहे.

आपल्या तालुक्यातील जुन्या वाचनालयाच्या जमाखर्चाच्या वह्या कोणी पाहिल्या असतील, तर पहिले सरकारी अनुदान कोणत्या साली आणि किती मिळाले ते खाली जरूर लिहा. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर येथील नोंदी विशेष हव्या आहेत.