२००५ची रेघ

आमच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटची एक निळी रेघ आहे. तिच्या शेजारी बाबांच्या अक्षरात '२००५'. सांगलीच्या गावभागात अशा खुणा बऱ्याच घरांत सापडतील. कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, याची ही घरगुती नोंद.

सरकारी नोंद आयर्विन पुलापाशी होते. १९२९ साली व्हाइसरॉय आयर्विननं उद्घाटन केलेला हा संस्थानी काळातला पूल. पावसाळ्यात अख्खं गाव त्याच्या फुटांत बोलतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर बुडणार, मग पाणी बाजाराकडं वळणार, हा क्रम शाळकरी पोरांनाही पाठ. शिवाय खालच्या अंगाला हरिपूरला वारणा येऊन मिळते. तीही भरून आली की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही. पाऊस थांबला तरी पाणी उतरत नाही ते त्यामुळं.

म्हणजे पूर आम्हाला नवा नव्हता. थोडं खाली नृसिंहवाडीला तर पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की लोक त्यात स्नानाला गर्दी करतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. खेड्यांत होडी नसली तर गुऱ्हाळाची काहील बाहेर काढायची. ज्या कढईत गूळ शिजतो, तिच्यात बसवून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पलीकडं न्यायचं. इतकं सगळं अंगवळणी पडलेलं. माझ्या मते घोटाळा तिथंच झाला.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही ज्वारीची पोती, फ्रिज आणि आजोबांच्या वह्या टेबलांवर रचल्या. रेघेच्या वीतभर वर. गल्लीत सगळे तेच करत होते. आजी म्हणाली, "दोन हजार पाचला इथवर आलं होतं, ह्याच्यावर येत नाही रे बाळा." घर सोडायला ती तयार नव्हती. खरं सांगायचं तर आम्हालाही तिचं पटलं होतं.

२००५ला आयर्विनजवळ पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. या वेळी ते ५७च्या पुढं गेलं. आमच्या रेघेच्या वर जवळजवळ चार फूट! वह्यांचा लगदा झाला. आम्ही माडीवर अडकलो, वीज नाही, प्यायला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी बोट आली. आजीला चादरीत धरून खिडकीतून उतरवलं. तोवर ब्रह्मनाळची बातमी आली होती: ८ ऑगस्टला गावकऱ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली, कितीतरी जण बुडाले. बोटीत आजी माझा हात सोडेना.

पाणी कमीत कमी कुठवर येऊ शकतं, एवढंच ती रेघ सांगत होती. आम्ही ती कमाल मर्यादा म्हणून वाचली.

२०२१च्या जुलैत पाणी पुन्हा ५४च्या वर गेलं. त्या वेळी ४० फुटांची बातमी आली त्याच संध्याकाळी आजी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी होती. औषधं, रेशनकार्ड, दोन लुगडी. मिरजेला मावशीकडं निघालो. बाबा जिन्यापाशी क्षणभर रेंगाळले, तर ती ओरडली, "तिकडं काय बघतोस? कुलूप लाव!"