लिटरचा हिशेब आणि घोडबंदरचा पूल

वेगवान छोटी गाडी म्हणजे पेट्रोल पिणारी गाडी, हा समज आपल्याकडे २००१ साली रुजला आणि त्याला कारणही तसंच होतं. त्या वर्षी फियाटने पालिओ आणली, जाहिरातीत सचिन तेंडुलकरला उभं केलं आणि नेहमीच्या १.२ लिटर इंजिनाच्या जोडीला १.६ जीटीएक्स नावाची, शंभर अश्वशक्तीची हॅचबॅक देऊ केली. मारुती ८०० आणि झेनवर हात बसलेल्यांना हे प्रकरण अफाटच होतं. गाडी बनत होती कुर्ल्यात, म्हणजे वसईकराच्या लेखी लोकलच्या टप्प्यात. पण शहरात तिचं अ‍ॅव्हरेज दहाच्या आत उतरायचं आणि पिकअपची तारीफ करणारेसुद्धा पेट्रोलचा विषय निघाला की गप्प बसायचे. त्या गाडीपुरता हा समज खराच होता. मोठं, टर्बो नसलेलं इंजिन हळू चाललं तरी आपली भूक विसरत नाही. प्रश्न आहे तो पुढच्या वीस-बावीस वर्षांचा. पालिओवर मारलेला शिक्का नंतरच्या प्रत्येक वेगवान हॅचबॅकवर तसाच उमटत राहिला. मला तो अन्यायाचा वाटतो. निदान वसई-विरारमध्ये तरी अशा गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज इंजिनाने कमी आणि रस्त्याने जास्त ठरवलं आहे, आणि रस्ता कसा घडत गेला हे पाहिल्याशिवाय तो आकडा समजत नाही.

आधी कागद पाहू. २०१३ साली फोक्सवॅगनने चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय काढली. इंजिन १.२ लिटरचंच, पण टर्बो लावून १०५ अश्वशक्ती काढलेली. तिचा प्रमाणित आकडा होता लिटरला १७.२ किलोमीटर. त्याच पोलोचं साधं, ७५ अश्वशक्तीचं १.२ लिटर इंजिन पुढे १६.४७ वर प्रमाणित झालं. म्हणजे दमदार गाडी कागदावर काटकसरी ठरली! २०१७ साली आलेल्या बलेनो आरएसचा आकडा २१.१ होता आणि साध्या बलेनोचा २१.४, शक्तीत वीस-एकवीस टक्क्यांचा फरक आणि अ‍ॅव्हरेजमध्ये तीन दशांशांचा. २०२१ची आय२० एन लाइन १२० अश्वशक्ती घेऊन वीसच्या घरात. १४५ अश्वशक्तीची, रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो तेवढी १६.३ वर थांबली, पण तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा कोणी केलीही नव्हती.

हे आकडे खोटे नाहीत. ते ज्या परीक्षेतून येतात तिचा अभ्यासक्रम मात्र आपल्या रस्त्यावरचा नाही. भारतात १९८५च्या सुमाराला ठरलेल्या पहिल्या चाचणीत गाडीचा कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर होता. त्या काळच्या गाड्या आणि रस्ते पाहता ते गैरही नव्हतं. २००० सालापासून युरोपच्या धर्तीवरची सुधारित चाचणी आली. रोलरवर उभी केलेली गाडी ११८० सेकंदांत सुमारे साडेदहा किलोमीटर ‘चालते’. कमाल वेग ९०, एसी बंद, चढ नाही, समोर रिक्षा नाही. तिच्या शहरी भागात शून्यापासून ताशी ५० गाठायला २६ सेकंद दिलेले असतात. पोलो जीटी टीएसआय शंभर गाठायला ९.७ सेकंद घेते, असा कंपनीचा दावा होता. म्हणजे चाचणीतली गाडी पन्नासला पोहोचेपर्यंत ही शंभर गाठून, ब्रेक मारून पुन्हा थांबलेलीही असेल. इतक्या हळुवार परीक्षेत टर्बोला काम असं उरतच नाही. इंजिन छोटं असल्याचे सगळे गुण मिळतात आणि ते दमदार असल्याची किंमत कुठेच मोजावी लागत नाही. एप्रिल २०२७ पासून जागतिक धर्तीची, अधिक कडक चाचणी लागू करायचं ठरलं आहे. तिच्यात हे गुण थोडे उतरतील, पण खाडीवरच्या घोडबंदरच्या पुलाची कोंडी त्याही चाचणीत नाही.

आता रस्ता. वसई तालुक्याची गंमत अशी की दक्षिणेला खाडी, पलीकडे मुंबई अगदी नजरेच्या टप्प्यात, पण मोटारीने जायचं तर आधी पूर्वेला महामार्गावर यायचं, मग चिंचोटी, बापाणे, ससूनवघर, मालजीपाडा करत घोडबंदरच्या पुलावरून खाडी ओलांडायची. १८६७ साली विरारपर्यंत लोकल आली, १९३६ साली ती विजेवर धावू लागली, आणि वसईकराने मोटारीच्या रस्त्याची फारशी पर्वा केली नाही. माणसं रेल्वेने गेली, माल रस्त्याने. त्यामुळे मुंबई-अहमदाबाद महामार्ग हा इथल्या लोकांचा रस्ता कधीच नव्हता. तो गुजरातच्या ट्रकांचा होता आणि आपण त्याच्यावरचे पाहुणे. २००९ पासून सुरत ते दहिसर हा पट्टा सहापदरी होऊ लागला. त्याच वर्षी चार नगरपालिका आणि बरीच गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली, आणि फाट्याफाट्यावर वस्ती आणि गोदामं वाढत गेली. रस्ता रुंद झाला, पण खाडीवरचा पूल अरुंदच राहिला. २०१६ साली जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली तेव्हा गाड्यांच्या रांगा किलोमीटरच्या किलोमीटर लागत. नवा पूल २०२३ साली सुरू झाला, आणि आता सुटलो म्हणेपर्यंत दहिसर ते अच्छाड काँक्रीटीकरण सुरू झालं. कोंडी होतीच, फक्त तिची जागा सरकली.

या कोंडीत लिटरचं काय होतं ते मांडून पाहू. समजा प्रवास तीस किलोमीटरचा आहे. रस्ता मोकळा असेल आणि काटा सत्तर-ऐंशीवर धरला तर टर्बोची छोटी गाडी सतरा-अठराचं अ‍ॅव्हरेज सहज देते. पावणेदोन लिटरच्या आत काम होतं. पुलाच्या अलीकडे चाळीस मिनिटं एसी लावून अडकलात, की जागच्या जागी तासाला लिटरच्या आसपास या दराने पाऊण लिटरला थोडं कमी पेट्रोल जास्तीचं गेलं. अ‍ॅव्हरेज आलं साडेबारा. आता हाच हिशेब साध्या १.२ लिटर इंजिनाला लावा. तेही उभ्या उभ्या जवळजवळ तेवढंच पितं आणि तेराच्या आसपास येऊन थांबतं. फरक अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा! दुसरी गळती ब्रेकमधून. अकराशे किलोची गाडी ताशी ६०ला नेऊन थांबवली की तेवढ्या गतीसाठी जाळलेलं जवळजवळ २० मिलिलिटर पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातं. पन्नास वेळा असं केलं की एक लिटर संपलं. हा हिशेब वजनाचा आहे, अश्वशक्तीचा नाही. कट मारणारी रिक्षा समोर आली की साध्या गाडीलाही तेवढाच ब्रेक मारावा लागतो.

यावर हमखास येणारा आक्षेप पायाचा. वेगवान गाडी घेणारा माणूस तिला वेगानेच पळवणार, मग रस्त्याला कशाला दोष द्यायचा? आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि त्यातला बरोबर भाग उत्तरेकडे दिसतो. खानिवड्याचा टोलनाका ओलांडून मनोरच्या बाजूला लागलं की रस्ता मोकळा होतो. तिथे ऐंशीऐवजी एकशेवीस धरले तर हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. शिवाय टर्बो पूर्ण दाबाने चालू लागला की तापलेला धूर थंड ठेवायला इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततं. सतराची गाडी अकरावर येते ती इथे, आणि तिथे दोष नि:संशय पायाचाच. पण पाय चालायला आधी रस्ता लागतो. दक्षिणेच्या बाजूला, जिथे पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जायचीही सवड नसते, तिथे सगळ्यांचे पाय सारखेच. म्हणून एकच गाडी दोन शेजाऱ्यांकडे दोन आकडे दाखवते: एक गुजरातेकडे जाणारा, दुसरा दहिसरकडे. बरेच जण टाकी फुल करून, पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरून नेटाने मोजतात. मोजणी चोख असते, कोणत्या दिशेने गाडी चालली ते मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

दुसरा आक्षेप डिझेलवाल्यांचा आणि तो अधिक वजनदार आहे. मे २०१२ मध्ये मुंबईत पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत लिटरमागे तिसाहून अधिक रुपयांचा फरक होता. २०१३ साली आलेली पोलो जीटी टीडीआय तेवढीच १०५ अश्वशक्ती घेऊन आली, आणि डिझेल इंजिन उभ्या उभ्याही कमी पितं, त्यामुळे कोंडीत ते खरोखरच कमी खचतं. रस्त्याने इंजिनावर मात केली या माझ्या म्हणण्याला हा एक खरा अपवाद. पण तो टिकला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, किमतीतली दरी भरत गेली, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषण-नियम आल्यावर छोटी डिझेल इंजिनं सांभाळणं कंपन्यांना परवडेना. फोक्सवॅगनने भारतात डिझेल बंद केलं, रांजणगावचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनही थांबलं. उरली ती टर्बो पेट्रोल, म्हणजे नेमकी कागद आणि रस्ता यांच्यात सर्वात मोठी तफावत दाखवणारी जात.

रुपयांत मात्र ही तफावत वाटते तेवढी मोठी नाही, आणि त्याचं श्रेय पुन्हा लोकलला. रोज चर्चगेटला जाणारा वसईकर गाडी दाराशी ठेवूनच जातो. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरले तर बाराचं आणि सोळाचं अ‍ॅव्हरेज यांच्यात १६७ लिटरचा फरक पडतो, आजच्या दराने सतरा हजार रुपयांच्या आसपास. रोज मोटारीने ठाणे गाठणाऱ्याला हा आकडा तिप्पट होऊन बोचतो. सुटीत तारापूर-डहाणूकडे वळणाऱ्याला तो विम्याच्या हप्त्याएवढा.

लिटरला किती किलोमीटर, या मापातच एक गोष्ट निसटते: किलोमीटर किती पडले? वसईहून भाईंदरला रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटर होतात. तेराच्या अ‍ॅव्हरेजने एका खेपेला जवळजवळ तीन लिटर, जाऊन-येऊन सहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्याजवळच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली. पाण्यातून अंतर साडेतीन किलोमीटर, वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि तेवढा वेळ गाडी इंजिन बंद करून उभी. पोलोचा टीएसआय असो की बलेनोचा बूस्टरजेट, एका फेरीत सहा लिटर वाचवणारं तंत्र कोणत्याही कंपनीने आजवर काढलेलं नाही. नायगाव-भाईंदर रस्तापुलाची चर्चा तर कित्येक वर्षं चालू आहे. तो पूल झाला तर वसईतली सगळ्यात तहानलेली गाडीसुद्धा भाईंदरला आज लागतं त्याच्या निम्म्याहून कमी पेट्रोलमध्ये पोहोचेल.